रिंग उचलण्याआधी: एका बॉक्सरच्या आईचं खुलं पत्र

प्रति,
शहरातल्या खेळांच्या जागा ज्यांच्या सहीनं मिळतात आणि ज्यांच्या सहीनं जातात, त्या सर्व अधिकारी व पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी माझी लेक सरावाहून सात वाजताच घरी आली. एरवी तिला साडेआठ होतात. बॅग दारात टाकून तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. माझे हात कणकेत होते, म्हणून फोटो तिनंच मोठा करून दाखवला. हॉलच्या दारावर चिकटवलेला कागद होता. सिंहस्थाच्या कामांसाठी सदर हॉल पुढील आदेशापर्यंत ताब्यात घेण्यात येत आहे, संबंधितांनी आपलं साहित्य सात दिवसांत हलवावं. बस्स, एवढंच. साहित्य म्हणजे एक बॉक्सिंग रिंग, चार पंचिंग बॅगा, भिंतीवरचा एक तडकलेला आरसा आणि चौतीस मुलं-मुली. मुलांचा उल्लेख कागदात नाही, तो मी घातला.

त्या कागदातले ‘पुढील आदेशापर्यंत’ हे शब्द मला गप्प बसू देईनात, म्हणून हे पत्र.

मी नाशिकच्या सिडकोत पोळीभाजीचा व्यवसाय करते. सकाळी अकरापर्यंत अंबडच्या कंपन्यांचे डबे, दुपारी पापड-भाजणी, दिवाळीत फराळ. लेकीचे वडील सातपूरला कंपनीत पाळीवर असतात. आमच्या दोघांच्याही घरात कुणी कधी ग्लोव्हज घातले नव्हते. 2018 मध्ये, दहा वर्षांची असताना, ती शेजारच्या मुलाबरोबर हॉलवर गेली आणि तिथलीच झाली. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पहिली दोन वर्षं मी बघायलाही गेले नाही. पोटच्या पोरीच्या तोंडावर कुणी ठोसे मारतंय, हे कुठली आई बघेल? आता बघते. तिचा डावा हात खाली आला की खुर्चीतून ओरडते, आणि मग तिचे प्रशिक्षक, आमचे सर, मला गप्प बसवतात.

तुमच्यापैकी अनेकांना हा खेळ म्हणजे मारामारी वाटते. लेकीच्या सत्काराच्या वेळी एका साहेबांनी माईकवरून तसं म्हटलंही होतं, हसत हसत. तर साहेब, तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, मधे एकेक मिनिट विश्रांती. रिंगभोवती पाच पंच बसतात. प्रत्येक पंच प्रत्येक फेरीत सरस ठरलेल्याला दहा गुण देतो आणि समोरच्याला नऊ किंवा त्याहून कमी. म्हणजे वर्षभराच्या कष्टाची परीक्षा नऊ मिनिटांत. पेपर राहिला म्हणून पुरवणी मिळत नाही.

आणि वय. वयाचा हिशेब जन्मवर्षावर चालतो. 15-16 वर्षांचे ज्युनिअर, 17-18 चे युवा, 19 पासून एलिट, म्हणजे मोठ्यांचा गट. माझी लेक 2008 ची. म्हणजे येत्या 31 डिसेंबरला तिचा युवा गट संपतो. 1 जानेवारी 2027 ला ती एलिटमध्ये जाईल आणि तिचं वजन आहे 51 किलो, ज्या वजनात आज निखत झरीन खेळते. 2022 आणि 2023 अशी लागोपाठ दोनदा जगज्जेती झालेली निखत. माझ्या मुलीला तिच्या बरोबरीची मी म्हणत नाही, एवढी बुद्धी शाबूत आहे. पण त्या गटात जाण्याआधी युवा गटातल्या जेवढ्या लढती मिळतील तेवढ्या तिच्या गाठीला असायला हव्यात. त्या आता आठ-नऊ महिन्यांत बसवायच्या आहेत. तुमच्या कागदावरचं ‘पुढील’ यातलं किती खाणार, ते त्यात लिहिलेलं नाही.

सिंहस्थाबद्दल गैरसमज नको. 2015 ला आमच्या दोन खोल्यांत अकरा पाहुणे होते, आणि पर्वणीच्या पहाटे सगळे पायी रामकुंडाकडे गेलो होतो. या वेळीही येतील, त्यांच्या पोळ्याही मीच लाटीन. पण तारखा बघा. ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे, आणि ध्वज उतरेल तो जुलै 2028 मध्ये. लॉस एंजलिसचं ऑलिम्पिक सुरू होतं 14 जुलै 2028 ला. हॉल तोवर तुमच्या सामानाचं गोदाम राहिला तर ऑलिम्पिकपर्यंतचा अख्खा काळ कुलपाआड जातो. आणि सामान ठेवायला या शहरात दुसरं छप्पर नाही, हे मला कुणी पटवून द्यावं. बॉक्सिंगला मात्र खरोखरच दुसरं नाही. मी विचारून आले आहे. एका मंगल कार्यालयानं तर वार विचारले: ‘लग्नाच्या तिथी सोडून चालेल का?’

हॉलची गोष्ट निघालीच आहे तर आतली रिंगही सांगते, कारण ती बोच जुनी आहे.

आंतरराष्ट्रीय लढतीची रिंग दोरीच्या आत 6.10 मीटर असते, म्हणजे वीस फूट. आमच्या हॉलमधली आहे चौदा. मी स्वतः माप घेतलं आहे, शिलाईच्या टेपनं, सरांना एक टोक धरायला लावून. सहा फुटांनी काय होतं, असं मलाही वाटायचं. गेल्या वर्षी लेक पहिल्यांदा भारताची जर्सी घालून परदेशात युवा स्पर्धा खेळली. पहिली लढत जिंकली. उपांत्यपूर्व फेरीत उझबेकिस्तानची मुलगी होती. आम्ही दोघं स्वयंपाकघरात फोन साखरेच्या डब्याला टेकवून बघत होतो. आमची पोरगी पुढे जायची, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकायची, आणि ती मुलगी तिथे नसायचीच. एक पाऊल मागे, दुसरं, तिसरं, मग बाजूला, आणि तिथून उजव्या हाताचा ठोसा. आमच्या हॉलमध्ये दोन पावलं मागे गेलं की पाठीला दोरी लागते, म्हणून इथे सगळे जागेवर उभं राहून खेळतात. समोरचा मागे गेला की अडकला, अशीच सवय तिच्या पायांना लागलेली. त्या मुलीकडे चौथं पाऊलही होतं. दुसऱ्या फेरीत हिला उमगलं, तिसरी हिनं घेतली, पण तोवर उशीर झाला होता. 3-2. तीन पंच तिकडे, दोन इकडे.

रात्री तिचा फोन आला. रडत नव्हती. म्हणाली, ‘आई, रिंग केवढी मोठी होती गं.’

आता खरी गोष्ट. वीस फुटी नवी रिंग या शहरात आलेली आहे. दीड वर्ष झालं. हॉलच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. ती बसवायला हॉलमधलं स्टोअरचं पार्टिशन काढावं लागतं. पार्टिशन कुणी काढायचं, यावर दोन टेबलांमध्ये पत्रव्यवहार सुरू आहे. मागच्या पावसाळ्यात कॅनव्हासची एक कड उंदरांनी कुरतडली. उंदरांना कुणाची परवानगी लागली नाही.

दुसरी तक्रार वजनकाट्याची. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण पॅरिसला कुस्तीत विनेश फोगाटचं काय झालं ते सगळ्या देशानं पाहिलंय. शंभर ग्रॅम. बॉक्सिंगमध्येही तेच. स्पर्धेच्या पहिल्या सकाळी सगळ्यांचं वजन आणि वैद्यकीय तपासणी, त्यानंतर ज्या दिवशी लढत त्या सकाळी पुन्हा काटा. हॉलमधला काटा जुना, काट्याच्या सुईचा. गेल्या राष्ट्रीय स्पर्धेला निघताना त्यावर तिचं वजन 50.8 भरलं. पोरगी निश्चिंत. तिकडे पोचल्यावर अधिकृत काट्यावर चाचणी घेतली तर 51.3. पुढचे दोन तास तिनं एकावर एक दोन जॅकेट घालून हॉटेलच्या जिन्यात दोरीवरच्या उड्या मारल्या, तोंडात आंबट गोळी ठेवून रिकाम्या बाटलीत थुंकत राहिली. पाणी नाही, काही नाही. वजन बसलं. दुपारी लढत होती, आणि दुसऱ्या फेरीत तिचे पाय जड झालेले मला मोबाइलवर दिसत होते.

मी भाजणी नि चकल्या किलोवर विकते. माझ्या काट्याची वैधमापनवाल्यांकडून मुदतीत तपासणी करून शिक्का घ्यावा लागतो. नसेल तर दंड. बरोबरच आहे, गिऱ्हाइकाला दहा ग्रॅम चकली कमी जाता कामा नये. मग देशासाठी खेळणाऱ्या मुलीचं वजन अर्धा किलो चुकवणाऱ्या काट्याला कुणाचा शिक्का आहे? हल्ली ती निघायच्या आदल्या रात्री कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात जाऊन गव्हाच्या पोत्याच्या काट्यावर उभी राहते. दुकानदार भला माणूस आहे, शटर अर्धं खाली ओढून घेतो.

सरावाच्या जोडीदारांचं म्हणाल तर ते पैशानंही सुटत नाही, ते मला कळतं. तिच्या वजनाच्या जवळपासची एकही मुलगी इथे नाही. एक आहे ती सत्तर किलोची. म्हणून ही मुलांशी खेळते आणि मुलं हिला सांभाळून मारतात, त्याचा उपयोग शून्य. मग वर्षातून दोनदा आम्ही तिला नाशिकरोडहून पंजाब मेलमध्ये बसवून देतो. गाडी थेट रोहतकला जाते, एवढी एक सोय रेल्वेनं न मागता केलेली आहे. हरियाणात एकेका हॉलमध्ये तिच्या वजनाच्या चार-पाच जणी सापडतात. गेल्या सप्टेंबरात लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत जास्मिन लांबोरियानं 57 किलोत आणि मीनाक्षी हुडानं 48 किलोत सुवर्ण जिंकलं, नुपूर श्योराणनं रौप्य आणि पूजा राणीनं ब्राँझ. चौघीही हरियाणाच्या. त्यांचं पाणी वेगळं आहे असं आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे. पाणी नव्हे हो, हॉल आहेत. आपल्या पुण्याचे मनोज पिंगळे 1988 ला सोल ऑलिम्पिकमध्ये खेळले. मराठी माणसाला हा खेळ जमत नाही, असं कुणी म्हणू नये.

सरांचं मानधन हा विषय त्यांनी लिहू नका म्हटलं होतं, तरी लिहिते. त्यांचा अकरा महिन्यांचा करार संपून पाच महिने झाले. नवा झालेला नाही. ते रोज साडेपाचला कुलूप उघडतात, साडेसातला शाळेची व्हॅन घेऊन निघतात, संध्याकाळी परत येतात. मुलींसाठी महिला प्रशिक्षक नाही आणि कपडे बदलायला खोली नाही. याच्यावर मी ओळ वाढवत नाही, तुमच्या घरीही मुली असतील.

एक गोष्ट मात्र थांबून ऐका, ती जिवाची आहे. डोक्याला मार लागून पंचांनी लढत थांबवली, तर त्या खेळाडूनं किमान 30 दिवस लढायचं नाही, सरावातही डोक्यावर ठोसे घ्यायचे नाहीत. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्याची नोंद खेळाडूच्या पुस्तकात करायची असते. मागच्या वर्षी एका स्थानिक स्पर्धेत रिंगजवळ डॉक्टर नव्हते. आमच्या हॉलमधल्या एका मुलाची लढत अशीच थांबली, पुस्तकात नोंद झाली नाही, आणि बारा दिवसांनी तो दुसऱ्या स्पर्धेत उतरला. सुदैवानं काही झालं नाही. त्याची आई माझ्याकडे पोळ्या लाटायला येते. तिला हा नियम माझ्याकडून कळला, तेव्हा तिच्या हातातलं लाटणं थांबलं.

निवड चाचण्यांचं पत्र कधी येतं? येत नाही. कुणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत येतं. एकदा रात्री सव्वादहाला कळलं की परवा सकाळी आठला दुसऱ्या जिल्ह्यात हजर राहायचं, जन्मदाखला, आधार, पासपोर्ट, सगळ्याच्या मूळ प्रती घेऊन. तिच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव एका तऱ्हेनं, पासपोर्टवर दुसऱ्या. एका अक्षराचा फरक. ते निस्तरायला अकरा खेपा झाल्या, आणि त्यात एक चाचणी हुकली. कागद हा या खेळातला सहावा पंच आहे. लिव्हरपूललाच फ्रान्सच्या महिला बॉक्सरना एका सक्तीच्या चाचणीचे अहवाल वेळेत पोचले नाहीत म्हणून उतरता आलं नाही. पण निदान कुठला कागद लागणार होता, हे त्यांना ठाऊक तरी होतं.

वरच्या लोकांचे घोळ आम्ही गिळलेलेच आहेत. 2012 च्या डिसेंबरात आपल्या राष्ट्रीय संघटनेचं निलंबन झालं, नवी घडी बसायला 2016 उजाडलं. मग आंतरराष्ट्रीय संघटनाच ऑलिम्पिक समितीनं आधी निलंबित केली आणि 2023 मध्ये तिची मान्यता काढली. लॉस एंजलिसच्या पहिल्या यादीत बॉक्सिंग नव्हतंच, ते नक्की झालं मार्च 2025 मध्ये. म्हणजे माझी मुलगी तीन वर्षं अशा खेळासाठी पहाटे पाचला उठत होती, जो ऑलिम्पिकमध्ये असेल की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. तिला मी विचारलं होतं, दुसरा खेळ घेतेस का. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. ते घोळ स्वित्झर्लंडातले होते, तिथवर माझा आवाज जात नाही. हा हॉल माझ्या घरापासून दोन रिक्षा बदलून आहे.

सत्कार झाला होता, ते विसरले नाही. परदेशातून आल्यावर शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, आणि चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर लेकीच्या नावाखाली कराटेचा पांढरा पोशाख घातलेली भलतीच कुणी तरी मुलगी होती. आम्ही घरी खूप हसलो. दहा दिवसांनी वाऱ्यानं फाटला, तेव्हा जरा बरंच वाटलं. भाषणात धावपटू कविता राऊतचं नाव घेतलं गेलं, दत्तू भोकनळचं घेतलं गेलं. घ्यायलाच हवं. पाण्याची ओरड असलेल्या चांदवड तालुक्यातला पोरगा 2016 ला रिओत होडी वल्हवायला गेला, याचा मलाही अभिमान आहे. पण त्याच्या हातात वल्हं दिलं लष्करानं, ते पुण्यात. आपण नंतर फेटा बांधला.

बॉक्सिंगमध्ये खुलं पत्र लिहिण्याची मी पहिली नाही. 2019 मध्ये निखतनं क्रीडामंत्र्यांना लिहिलं होतं. मेरी कोमविरुद्ध चाचणी लढत द्या, एवढंच मागितलं होतं. तेव्हा तिला किती बोल लागले. लढत मिळाली, ती 9-1 अशी हरली, आणि अडीच वर्षांत जगज्जेती झाली. तिनं पदक मागितलं नव्हतं, रिंग मागितली होती. मीही तेच मागतेय, आणि माझी मागणी तर शब्दशः रिंगेचीच आहे.

मागण्या लिहून देते, म्हणजे पत्र कुठल्या टेबलाचं यावर वाद नको.

नोटीस मागे घ्या. ते अगदीच शक्य नसेल, तर पर्यायी हॉल आधी द्या, तिथे रिंग उभी राहू द्या, आणि मगच इथली उचला. ‘पुढील आदेशापर्यंत’ खोडून तिथे तारीख घाला, दिवस-महिना-वर्ष, आणि खाली तोच ठसठशीत शिक्का मारा.

शेडमधली वीस फुटी रिंग तीस दिवसांत बसवा. पार्टिशन काढायला माणूस मिळत नसेल तर सांगा, हॉलमधल्या मुलांचे बाप त्याच कामाचे आहेत. एक फॅब्रिकेटर, दोन सुतार. फुकट करतील, लेखी परवानगी तेवढी द्या.

डिजिटल वजनकाटा, तपासणीच्या शिक्क्यासह. सरांचा करार आणि पाच महिन्यांचं थकलेलं मानधन. मुलींसाठी एक खोली, आतून कडी असलेली. निवड चाचणीची सूचना निदान दहा दिवस आधी हॉलच्या फळ्यावर लागावी, लागणाऱ्या कागदांच्या यादीसह. शहरात होणाऱ्या कुठल्याही लढतीला रिंगजवळ डॉक्टर नसेल तर घंटा वाजू नये.

प्रवासखर्च परत मिळतो हे मला माहीत आहे. तो सहा महिन्यांनी मिळतो. निम्मा आगाऊ द्या, म्हणजे दर वेळी माझी भिशी मोडायला नको.

हे पत्र आवकमध्ये रीतसर देते आहे, पोच घेईन. उत्तर लेखी द्यावं. बोलवायचं असेल तर अकरानंतर बोलवा, त्याआधी मी डब्यांत असते. येताना टेप घेऊन येईन, माप पुन्हा घ्यायचं असेल तर.

कळावे,
एका बॉक्सरची आई
सिडको, नाशिक